देवदूत ‘म्हणाले’ की ‘गायले’?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शब्बाथशाळेच्या नाताळच्या नाटुकल्यात तुम्ही निवेदन लिहिलंत, ‘आणि आकाशात देवदूत गाऊ लागले’. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी ते वाक्य खोडायला लावलं, कारण त्यांच्या मते बायबलमध्ये देवदूत कुठंच गात नाहीत. शिवाय कुणीतरी तुम्हाला असंही सांगितलंय की स्वर्गातून खाली पडण्याआधी सैतानच तिथला संगीतप्रमुख होता. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर आधीच देतो: वाक्य बदला, गाणं ठेवा. का ते सांगायला जरा लांबण लागेल. तीस वर्षं चर्चच्या क्वायरबरोबर, म्हणजे गायकवृंदाबरोबर, पेटी वाजवतोय, दर डिसेंबरला हा वाद कुणीतरी उकरून काढतोच.

बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान घ्या आणि २:१३, म्हणजे दुसऱ्या अध्यायातलं तेरावं वचन, उघडा. आधी एकच देवदूत मेंढपाळांशी बोलतो. मग एकाएकी त्याच्याजवळ स्वर्गातल्या सैन्याचा समुदाय दिसतो आणि ते देवाची स्तुती करत म्हणतात, ‘ऊर्ध्वलोकी देवाला गौरव’. मूळ ग्रीकमध्ये इथं दोन क्रियापदं आहेत. एक आइनेओ, म्हणजे स्तुती करणं, आणि दुसरं लेगो, म्हणजे म्हणणं, बोलणं. गाण्याचं क्रियापद नाही, वाद्याचा उल्लेख नाही. (पंखांचाही नाही, पण शब्बाथशाळेतल्या आयांना हे सांगायची माझी हिंमत नाही. पुठ्ठा आणि चंदेरी कागद नोव्हेंबरातच आणून ठेवलेला असतो.) पुढं २० व्या वचनात मेंढपाळ देवाची स्तुती करत परत जातात, तिथंही तेच आइनेओ आहे, आणि मेंढपाळ गात गेले असं आपण कधी म्हणत नाही.

लूककडे गाण्यासाठी शब्द नव्हता असंही नाही. प्रेषितांची कृत्ये त्याचंच लिखाण. त्यात १६:२५ ला पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री स्तोत्रं गातात, तिथं त्यानं ह्युम्नेओ हे वेगळं क्रियापद वापरलंय. बेथलेहेमच्या रानात ते वापरलं नाही. एवढ्यापुरतं तुमच्या वडीलधाऱ्यांचं वाचन चोख आहे, त्यांना तसं सांगा.

पण इथं थांबलं तर चूक होईल, आणि ती आपल्याच भाषेतून कळते. घरी पाहुणे आले की आपण पोरीला काय सांगतो? ‘एक गाणं म्हणून दाखव.’ आरती आपण म्हणतो, अभंग म्हणतो, मंगलाष्टकं म्हणतो. म्हटलं म्हणजे गायलं नाही, असा अर्थ कुणी मराठी माणूस काढत नाही. बायबलच्या भाषांतही हे दोन शब्द असेच शेजारी नांदतात. निर्गम १५:१ मध्ये तांबडा समुद्र ओलांडल्यावर मोशे आणि इस्राएल लोक गीत गातात, आणि हिब्रूत लगेच पुढं ‘ते म्हणाले’ असं येतं. प्रकटीकरण ५:९ मध्ये तर ‘ते नवे गीत गात म्हणतात’ अशीच रचना आहे, गाण्याचं क्रियापद आणि त्याला जोडून लेगो. आणि मरियेचं स्तोत्र घ्या. लूक १:४६ मध्ये फक्त ‘मरिया म्हणाली’ एवढंच आहे. जगभरच्या मंडळ्या शतकानुशतकं ते गात आल्या, त्याला कुणी हरकत घेतली नाही. म्हणून ‘म्हणाले’ या शब्दावरून देवदूत गायले हे सिद्ध होत नाही, आणि गायले नाहीत हेही होत नाही.

मग ते ठामपणे गातात असं कुठं आहे का? सगळ्यात जवळ जाणारी जागा ईयोब ३८:७. देव ईयोबाला विचारतो, पृथ्वीचा पाया मी घातला तेव्हा तू कुठं होतास, जेव्हा प्रभातनक्षत्रांनी मिळून गायन केलं आणि सर्व देवपुत्रांनी, म्हणजे देवदूतांनी, जयघोष केला? नक्षत्रांसाठी हिब्रूत रानन हा धातू आहे. त्यात आनंदानं मोठ्यानं ओरडणं आणि गाणं दोन्ही येतं, स्तोत्रसंहितेत तो सारखा भेटतो. देवपुत्रांसाठी वेगळं क्रियापद आहे, त्याचा अर्थ ललकारी, आरोळी. रणांगणातही तेच वापरतात. म्हणजे काटेकोर बघायचं तर गाणं नक्षत्रांच्या वाट्याला आणि आरोळी देवपुत्रांच्या. पण हिब्रू काव्यात एकच गोष्ट दोन ओळींत दोनदा सांगायची रीत आहे, त्यामुळं नक्षत्रं आणि देवपुत्र एकच, असं वाचणारे पुष्कळ आहेत. मीही तसंच वाचतो. येशूच्या जन्माआधीच झालेलं ग्रीक भाषांतर, सेप्टुआजिंट, तर सरळ म्हणतं की नक्षत्रं घडली तेव्हा माझ्या सर्व देवदूतांनी मोठ्या आवाजात माझी स्तुती केली. तिथंही पुन्हा लूकचंच आइनेओ.

यशया ६ मधले सराफीम, म्हणजे देवाच्या सिंहासनाजवळचे स्वर्गीय जीव, एकमेकांना हाक मारून ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणतात, आणि त्या आवाजानं उंबरठे हादरतात. क्रियापद हाक मारण्याचं, पण एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं उत्तर द्यायचं ही पद्धत बघा. आमच्या क्वायरमध्ये दोन बाजूंना उभं राहून एक-एक ओळ वाटून घेतो, तेव्हा मला हाच अध्याय आठवतो.

प्रकटीकरण ५ मात्र सावकाश वाचा, तिथंच लोक घसरतात. कोकऱ्यासमोर, म्हणजे ख्रिस्तासमोर, स्वर्गातले चार प्राणी आणि चोवीस वडील (वडीलधारे या अर्थानं) पालथे पडतात. त्यांच्याकडे वीणा आहेत आणि धूपानं भरलेल्या सोन्याच्या वाट्या आहेत, आणि ते नवं गीत गातात. इथं गाण्याचं सरळ क्रियापद आहे, वाद ठेवायला जागाच नाही. पण हे देवदूत नव्हेत. देवदूत येतात दोन वचनं पुढं, ५:११ ला, लाखो लाख आणि हजारो हजार, आणि ते काय करतात? मोठ्यानं म्हणतात. पुन्हा लेगो! प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानानं एकाच दृश्यात गाणारे आणि म्हणणारे असे वेगळे ठेवलेत. त्यातून काही उपदेशक सिद्धांत काढतात की तारण झालेलेच, म्हणजे ख्रिस्तानं पापातून सोडवलेली माणसंच, गाऊ शकतात, देवदूतांना ते जमत नाही. हे मला पटत नाही. त्यांचा भर ५:९ मधल्या ‘आम्हांला विकत घेतलंस’ यातल्या ‘आम्हांला’वर असतो, म्हणजे गाणारे स्वतःच तारलेले, असं ते म्हणतात. पण तो शब्द सगळ्या जुन्या हस्तलिखितांत नाही. शिवाय १४:२-३ मध्ये स्वर्गातून पुष्कळ पाण्यांसारखा, गर्जनेसारखा, वीणा वाजवणाऱ्यांसारखा आवाज येतो आणि चार प्राण्यांसमोर व वडिलांसमोर नवं गीत गायलं जातं. ते गीत शिकता येतं फक्त १,४४,००० जणांना, पण गाणारे कोण हे योहान सांगत नाही. प्राणी आणि वडील तर श्रोते आहेत. मग शिकवणारे कोण उरले?

त्या वीणेबद्दलही थोडं. मराठी बायबलात वीणा वाचलं की आपल्या डोळ्यांपुढं नारद येतो, नाहीतर कीर्तनात उभा असलेला वीणेकरी. मूळ शब्द किथारा. त्याला खाली लाकडी पेटी, पेटीतून वर निघालेले दोन हात, त्यांना जोडणारी आडवी दांडी, आणि दांडीपासून पेटीपर्यंत ताणलेल्या तारा. आपल्या वीणेसारखा दांडा नाही. चोवीस हा आकडाही उगाच आलेला नाही असं मला वाटतं. १ इतिहास २५ मध्ये दावीद मंदिराच्या गायक-वादकांचे चोवीसच वर्ग पाडतो, एकूण २८८ जण.

देवदूतांच्या हाती नक्की दिसणारं वाद्य एकच, कर्णा. प्रकटीकरण ८ मध्ये सात देवदूतांना सात कर्णे मिळतात. पण ते संगीतासाठी नव्हेत. गणना १० मध्ये चांदीचे कर्णे लोकांना जमवायला आणि तळ हलवायला फुंकतात, तशी ही इशाऱ्याची फुंक आहे. आपल्याकडच्या रणशिंगाच्या जवळची.

आता सैतान आणि संगीत. हे सगळं यहेज्केल २८:१३ वर उभं आहे. १६११ च्या इंग्लिश भाषांतरात तिथं डफ आणि बासऱ्या आल्या. पण मजकूर सोर शहराच्या राजावरचा आहे, आणि आधीची ओळ माणिक, पाचू वगैरे रत्नांची आहे. तिथले हिब्रू शब्द अवघड आहेत, पुष्कळ नव्या भाषांतरांत ते रत्न बसवायची कोंदणं असे येतात. कोंदणावरून कुणाला बँडमास्तर करायचं असेल तर करा बापडे. क्वायरमधल्या पोरांना मात्र ‘संगीत सैतानाचं, जपून’ असं यावरून घाबरवू नका. मी लहानपणी ते ऐकलंय, बरेच दिवस पेटीला हात लावायची भीती वाटायची.

मग गाणारे देवदूत आपल्या मनात इतके घट्ट बसले कसे? थोडं चित्रांमुळं. बेल्जियममधल्या गेंटच्या चर्चमधल्या १४३२ च्या वेदीचित्रात फान आइक या चित्रकार बंधूंनी बिनपंखांचे देवदूत रंगवलेत, एका फळीवर गाणारे, दुसऱ्या फळीवर ऑर्गन वाजवणारे. गाणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या आहेत, सूर लावताना पडतात तशा. आणि थोडं गाण्यांमुळं. ‘हार्क! द हेराल्ड एंजल्स सिंग’ (ऐका, देवदूत गाताहेत) हे नाताळचं इंग्लिश गीत सगळ्यांना पाठ. पण इंग्लिश गीतकार चार्ल्स वेस्लीनं १७३९ मध्ये ते छापलं तेव्हा पहिल्या ओळीत देवदूतही नव्हते आणि त्यांचं गाणंही नव्हतं, आकाश दुमदुमतंय एवढंच होतं. जॉर्ज व्हाइटफील्ड या उपदेशकानं १७५३ मध्ये ती ओळ बदलली. तुमच्या निवेदनातलं वाक्य लूकपेक्षा व्हाइटफील्डच्या जवळचं आहे!

तेव्हा नाटुकल्याचं असं करा. निवेदकाच्या तोंडी लूकचेच शब्द द्या, ‘देवाची स्तुती करत म्हणाले’. मग सगळ्या देवदूत-पोरांना मिळून ‘ऊर्ध्वलोकी देवाला गौरव’ एकदा चाल न लावता, छाती भरून म्हणायला लावा. सैन्य आहे ते, तसं वाटू द्या. त्यानंतर पेटीवर काळी दोनचा सूर धरा आणि तुमचं गाणं सुरू करा, समोर बसलेल्या मंडळीलाही सोबत घ्या. पुठ्ठ्याच्या वीणा केल्या असतील तर त्या देवदूतांकडून काढून घ्या. चोवीस पोरं जादा मिळाली तर बघू.