पहिल्यांदाच गेम मास्टर होताय? आधी टेबलावरच्यांना विचारा

पंधरा वर्षं टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम चालवतेय आणि नवीन गेम मास्टर लोकांचे प्रश्न तेच तेच येतात, एकाचं उत्तर देईपर्यंत दुसऱ्याचा तोच प्रश्न हजर. म्हणून यावेळी बरेचसे एकत्र घेतलेत. ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं, आणि उरलेलं सगळं जग, म्हणजे गावकरी, राक्षस, हवामान, कुलूप लावलेली दारं, हे सगळं एकटा गेम मास्टर, म्हणजे जीएम, सांभाळतो. खेळायच्या एका बैठकीला सेशन म्हणतात. जिथे निकाल नक्की नसतो तिथे फासे टाकायचे.

प्रश्न: फासे किती घ्यावेत? प्रत्येकाला वेगळा सेट लागतो का?

सात फाशांचा एक सेट सगळ्यांत मिळून पुरतो. पण आधी कुठला गेम खेळणार ते ठरवा, कारण काही गेम फक्त सहा बाजूंच्या फाशांवर चालतात.

प्रश्न: डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या गेमची तिन्ही मुख्य पुस्तकं घेतल्याशिवाय सुरुवात करता येत नाही असं मित्र म्हणतो. खरं आहे का?

नाही. मित्राने कुठेतरी ऐकलं आणि पुढे ढकललं. डी अँड डीचे पायाभूत नियम फुकट मिळतात, जानेवारी २०२३ पासून तर त्यांचा मोठा भाग क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली, म्हणजे कोणालाही वापरायला, खुला आहे. असाच दुसरा गेम पाथफाइंडर, त्याचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर फुकट वाचता येतात, आणि कॉल ऑफ कथुलू या हॉरर गेमचं क्विक-स्टार्ट, म्हणजे सुरुवातीपुरते नियम, पण फुकट आहे. सुरुवातीला एवढं भरपूर झालं.

मला राग येतो तो "नवीन जीएमसाठी कंप्लीट किट" म्हणून विकतात त्याचा. धातूचे फासे, चामड्याचा ट्रे, चाळीस मिनिएचर (छोट्या मूर्ती), दर महिन्याचं सबस्क्रिप्शन, आणि यातलं काहीही पहिल्या सेशनला लागत नाही! नवीन माणसाला भीती असते की आपल्याकडे काहीतरी कमी आहे, आणि बरोबर त्या भीतीवर हा माल खपवला जातो. कागद, पेन्सिल, एक फाशांचा सेट, आणि शत्रू दाखवायला बाटल्यांची झाकणं. आणखी एक, डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम आणि २०२४ चे सुधारित नियम यांत बारीकसारीक फरक आहेत. काहीही विकत घ्यायच्या आधी प्लेयरना विचारा कोणाकडे काय आहे, नाहीतर एकाच टेबलावर दोन नियम चालतात आणि दर दहा मिनिटांनी वाद.

प्रश्न: मला वेगवेगळे आवाज काढता येत नाहीत. मी चांगला जीएम होऊ शकतो का?

हो. लोक हा खेळ खेळताना दाखवणारे जे शो तुम्ही बघताय त्यातले बरेच जण व्यावसायिक कलाकार आहेत, क्रिटिकल रोल तर व्हॉइस ॲक्टर मंडळींचाच ग्रुप आहे. "म्हातारा कुरकुरत म्हणतो की पूल बंद आहे" एवढं साध्या आवाजात सांगितलं तरी गेम चालतो.

प्रश्न: मी गेले चौदा महिने माझं स्वतःचं जग तयार करतोय. तीन खंड, अकरा देव, दोन हजार वर्षांचा इतिहास आणि नकाशे झालेत, भाषेचं काम चालू आहे. प्लेयर तयार आहेत पण मला वाटतं अजून सहा महिने लागतील. घाई करू का?

चौदा महिने! आणि प्लेयर तयार आहेत! या एका प्रश्नावर मी दरवेळी जास्त बोलते आणि आजही बोलणार, कारण मी अशी कितीतरी जगं पाहिलीत जी वहीतच राहिली, प्लेयर एकेक करून दुसरीकडे गेले, आणि लिहिणाऱ्याने शेवटी "मला जमत नाही" म्हणून वही मिटली. जमत होतं हो, टेबलावर यायचंच राहून गेलं.

हा खेळ सुरू कसा झाला ते बघा. डी अँड डी १९७४ साली छापून आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. त्याआधी गायगॅक्सने स्वतः कल्पिलेल्या ग्रेहॉक किल्ल्यात पहिला खेळ घेतला तेव्हा प्लेयर होते त्याचीच दोन मुलं, आणि तयार होता किल्ल्याखालच्या तळघराचा फक्त पहिला मजला. मुलं तो मजला फिरली आणि मग त्याने पुढचा करायला घेतला. ग्रेहॉकचं जे प्रचंड जग आज लोकांना माहीत आहे ते असं खेळता खेळता वाढत गेलं, प्लेयर जिथे पाय ठेवतील तिथे त्याला जमीन लागली म्हणून.

तुमच्या अकरा देवांपैकी किती देव पहिल्या सेशनला येणारेत? एक आला तरी खूप. आणि मला खरी काळजी वेगळीच आहे, की या चौदा महिन्यांत तुम्ही प्लेयरना एकदाही विचारलेलं दिसत नाही की त्यांना काय खेळायचंय. तुम्ही दोन हजार वर्षांचं राजकारण लिहिलंत आणि त्यांना कदाचित जहाजावरून चाचेगिरी करायची असेल, किंवा एकाच पडक्या वाड्यात भुतांशी गाठ हवी असेल. मग तुम्ही त्यांना तुमच्या इतिहासाकडे ओढणार, ते सुटायला बघणार, आणि दोघांनाही वाटणार की समोरच्याने वाट लावली. यालाच आम्ही रेलरोडिंग म्हणतो. जीएम मुद्दाम करतो असं नाही, लिहिलेलं वाया जाऊ नये म्हणून आपसूक होतं ते, आणि जेवढं जास्त लिहिलेलं तेवढं जास्त होतं.

तर घाई करा. या आठवड्यात सगळ्यांना एकत्र बोलवा, फासे नकोत, नुसतं बोला. याला सेशन झिरो म्हणतात. कुठल्या तऱ्हेची गोष्ट हवी, किती लढाया, किती गप्पा, कोण किती वाजता निघणार, कॅरेक्टर मेलं तर चालेल का. मग तुमच्या तीन खंडांतलं एकच गाव उचला. गावात एक अडचण, तीन माणसं ज्यांना प्रत्येकाला काहीतरी हवंय, एक धोक्याची जागा, आणि एक लढाई लागलीच तर. तीन तासांच्या सेशनला एवढं पुरून उरतं. आणि प्रत्येक प्लेयरला विचारा, तुझं कॅरेक्टर या गावात कोणाला ओळखतं? त्यांची उत्तरं तशीच्या तशी जगात घाला. बाकीची वही फेकू नका, लागेल तसं तिच्यातून काढत राहा. पण पहिली तारीख आज ठरवा, सहा महिन्यांनी नाही.

प्रश्न: माझ्या पहिल्या मिस्ट्रीमध्ये प्लेयरनी क्लू शोधायचा रोल (फासा टाकणं) फेल केला आणि गोष्ट तिथेच अडकली. काय करायला हवं होतं?

जो क्लू मिळाल्याशिवाय गोष्ट पुढेच जात नाही त्याला रोल लावायचाच नाही, बघितलं की सापडला.

आता हिशोब बघा. डिफिकल्टी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ आहे आणि प्लेयरच्या कॅरेक्टरच्या कौशल्याचे फाशात अधिक ५ मिळतात, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवेत, शक्यता ५५ टक्के. असे तीन रोल एकामागे एक पास व्हायलाच हवेत अशी रचना केली तर शेवटपर्यंत पोचायची शक्यता साधारण १७ टक्के राहते. उलट त्याच गोष्टीकडे नेणारे तीन वेगवेगळे क्लू ठेवले आणि कुठलाही एक पुरेसा असेल तर ती ९१ टक्क्यांच्या आसपास जाते. फासे तेच, आकडे तेच, नुसती मांडणी बदलली. आणि रात्री अडकलात तर टेबलाला सरळ विचारा "तुम्हाला काय वाटतं, कोणी केलं असेल?", त्यांचा अंदाज बऱ्याचदा तुमच्या प्लॅनपेक्षा भारी असतो.

प्रश्न: पहिल्याच लढाईत चार गॉब्लिननी (छोटे राक्षस) दोन कॅरेक्टर मारली. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, शून्य झाले म्हणून मी दोघं मेली असं जाहीर केलं. एक प्लेयर तेव्हापासून गप्प आहे.

डी अँड डीमध्ये शून्य म्हणजे सहसा मृत्यू नाही, बेशुद्ध. त्यानंतर स्वतःच्या दर टर्नला, म्हणजे आपली पाळी आली की, डेथ सेव्ह म्हणून वीस बाजूंचा फासा टाकायचा, १० किंवा वर आलं तर यश, तीन यशं झाली की कॅरेक्टर स्थिर, तीन अपयशं झाली की मेलं. आणि मधल्या वेळात मित्र येऊन वाचवू शकतात, खरी मजा तिथेच आहे. पहिल्या लेव्हलला सगळेच नाजूक असतात, २०१४ च्या नियमांत गॉब्लिनचा एक वार ३ ते ८ नुकसान करतो आणि जादूगाराकडे हिट पॉइंट असतात जेमतेम ६-७, त्यामुळे चार गॉब्लिन एकदम अंगावर सोडले तर असं होणारच. पहिल्यांदा दोन आणा, बाकीचे नंतर.

पण नियमापेक्षा तो गप्प प्लेयर महत्त्वाचा आहे. आज फोन करा, पुढच्या सेशनपर्यंत थांबू नका. सांगा की मी नियम चुकीचा लावला, आणि विचारा की कॅरेक्टर परत हवंय की नवीन करायचंय. बाकीच्यांनाही विचारा, एकट्याने ठरवू नका.

प्रश्न: हॉरर खेळायचंय पण एका मैत्रिणीला काही गोष्टींचा खरंच त्रास होतो. नेटवर कोणी म्हणतं की एवढं जपायचं तर हॉरर खेळूच नये.

असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. लाइन्स आणि व्हेल्स ही सोपी पद्धत आहे, लाइन म्हणजे ही गोष्ट आपल्या गेममध्ये येणारच नाही, व्हेल म्हणजे ती घडू शकते पण पडद्याआड, वर्णन नाही. यादी सगळ्यांकडून आधी घ्या, नाव न घालता चिठ्ठीवर घेतली तरी चालेल. सोबत टेबलावर एक्स-कार्ड ठेवा, कोणीही हात लावला की तो प्रसंग बदलायचा, कारण विचारायचं नाही. मैत्रिणीशी मात्र आधी एकटीशी बोला, काय चालेल काय नाही हे तिलाच माहीत. आणि त्रास गेमच्या बाहेरही होत असेल तर ते काम जीएमचं नाही, तिला समुपदेशकाकडे जायला सुचवा, आणि ती हॉररच नको म्हणाली तर वेगळा गेम निवडा.

प्रश्न: एक प्लेयर सतत बोलतो, बाकीच्यांना संधीच मिळत नाही.

त्याच्याशी एकट्याने बोला, सगळ्यांसमोर नको. आणि टेबलावर नाव घेऊन विचारायची सवय लावा, "तू काय करतेयस?", आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

प्रश्न: ताई, मी तेरा वर्षांची आहे. मी जीएम होऊ शकते का? दादा म्हणतो मी लहान आहे.

नक्की होऊ शकतेस. मित्र-मैत्रिणींना घेऊन तयार छोटं ॲडव्हेंचर (आधीच लिहिलेली गोष्ट) चालव, स्वतःचं नंतर लिही. ऑनलाइन अनोळखी लोकांबरोबर खेळायचं असेल तर आधी आई-बाबांना विचार आणि त्यांना माहीत असल्याशिवाय जॉइन होऊ नकोस. आणि दादाला पहिल्या सेशनला प्लेयर म्हणून बोलाव.