अमेरिकेत डिश कंपन्या स्थानिक वाहिन्यांना पैसे देतात. मग आपल्याकडे वाहिन्यांनाच कॅरेज फी (वाहिनी घरोघरी पोहोचवण्याचे भाडे) का भरावी लागते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, अमेरिकेत डिश कंपनी आणि स्थानिक दूरचित्रवाणी केंद्र यांचे पैशांवरून बिनसले की ते केंद्र ग्राहकांच्या पडद्यावरून गायब होते, तसे आपल्याकडे का होत नाही. दोन, तिकडे कंपनी केंद्राला पैसे देते, तर आपल्याकडे वाहिनीनेच कंपनीला पैसे का द्यायचे. शिवाय यात चूक कोणाची, अशी पुरवणीही जोडली आहे. पहिल्या प्रश्नातले गृहीतच चुकीचे आहे. आपल्याकडेही वाहिन्या गायब होतात, फक्त त्याची बातमी होत नाही. माझी झाली होती.

२००४ ते २०१६ अशी बारा वर्षे मी आणि माझे मावसभाऊ (वयाने चार वर्षांनी मोठे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो) जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरमध्ये केबलवरची एक स्थानिक वाहिनी चालवत होतो. त्यामुळे कॅरेज फी हा शब्द मी पुस्तकात वाचलेला नाही, तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला गेला होता. पण आधी अमेरिकेचे उरकतो.

तिथले स्थानिक केंद्र मुळात हवेतून फुकट दिसते; घराला अँटेना लावला की झाले. १९९२ च्या केबल कायद्याने अशा केंद्राला दर तीन वर्षांनी एक निवड करण्याचा हक्क दिला. ‘मला तुमच्या जाळ्यावर दाखवलेच पाहिजे’ असा आग्रह धरायचा आणि पैसे मागायचे नाहीत, किंवा ‘माझ्या संमतीशिवाय दाखवू नका’ असे बजावून त्या संमतीची किंमत मागायची. १९९९ च्या कायद्याने डिश कंपन्यांना एखाद्या भागातील स्थानिक केंद्रे त्याच भागात दाखवण्याची वाट मोकळी झाली, आणि एक केंद्र घेतले तर मागणी करणारी बाकीचीही घ्यावी लागतील, अशी अट त्यासोबत आली. ज्या केंद्राच्या हातात रविवारचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो, ते साहजिकच पैशांचा मार्ग निवडते आणि दर ग्राहकामागे दरमहा रक्कम मागते. २०२३ च्या जुलैत डायरेक्टीव्ही ही डिश कंपनी आणि केंद्रांची मालक नेक्सस्टार यांचे जुळले नाही, तेव्हा दीडशेहून अधिक केंद्रे डायरेक्टीव्हीच्या ग्राहकांना थेट सप्टेंबरपर्यंत दिसली नाहीत. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि केंद्रेही सप्टेंबरातच परत आली. मला तरी यात योगायोग दिसत नाही.

आपल्याकडे खासगी वाहिनी घरच्या अँटेनावर कधी दिसलीच नाही. हवेतून फक्त दूरदर्शन. बाकी सर्व वाहिन्या केबलवाल्याच्या तारेतून किंवा डिशच्या छत्रीतून. म्हणजे तारेच्या मालकाला टाळून प्रेक्षकाच्या घरात जाण्याचा दुसरा दरवाजाच नव्हता. त्यात अ‍ॅनालॉग केबलवर शंभराच्या आतबाहेर वाहिन्या मावायच्या आणि देशात परवानगी मिळालेल्या वाहिन्या २०१५ पर्यंत आठशेच्या वर गेल्या होत्या. शंभर खाटांच्या धर्मशाळेच्या दारात आठशे यात्रेकरू उभे राहिले, तर खाटेचे भाडे कोण ठरवणार, हे सांगायला ट्रायची (दूरसंचार आणि प्रसारणावरच्या सरकारी नियामकाची) गरज नाही. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे सक्तीचे केले. बाकीच्यांनी आपापले बघायचे होते.

आमची वाहिनी त्या रांगेत कधी उभीच राहिली नाही, कारण गावचा केबलवाला आमच्या ओळखीचा होता आणि त्याची कंट्रोल रूम आमच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर होती. एक मॉड्युलेटर (चित्र केबलच्या ठरावीक नंबरवर चढवणारे यंत्र), एक संगणक आणि जिन्यातून वर गेलेली एक वायर, एवढ्यावर आम्ही नऊ नंबरला दिसत होतो. निधनवार्ता, कोणत्या भागात कोणत्या दिवशी पाणी येणार याची सूचना, शाळांची स्नेहसंमेलने, अहिराणी गाणी आणि खाली फिरणारी जाहिरातींची पट्टी. वर्षातला आमचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे वैशाखातील मोहिनी एकादशी, संत सखाराम महाराजांच्या रथाचा. त्या दिवसासाठी आम्ही महाराजांच्या वाडी संस्थानापासून कंट्रोल रूमपर्यंत दरवर्षी स्वतःची आरजी-११ वायर घरांच्या छतांवरून ओढत असू. साडेसहाशे मीटर वायर, मध्ये दोन अँप्लिफायर, आणि ज्यांच्या छतावरून ती जाई त्या प्रत्येक घरी आधी चहा. त्या एका दिवसाच्या जाहिरातींवर आमचे पावसाळ्याचे तीन महिने निघत.

केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनचा तिसरा टप्पा सर्व शहरी भागांसाठी होता आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. आमच्याकडे प्रत्यक्षात काही आठवडे उशीर झाला, पण फेब्रुवारीत कंट्रोल रूममधला, सगळ्या वाहिन्या एका तारेत मिसळणारा कम्बाइनर निघाला आणि सिग्नल फायबरवरून एका मोठ्या कंपनीच्या हेडएंडमधून (मुख्य प्रसारण केंद्रातून) येऊ लागला. आमचा केबलवाला त्या दिवसापासून वसुली करणारा आणि बॉक्स बदलून देणारा झाला. कोणती वाहिनी दिसेल हे ठरवणे त्याच्या हातात उरले नाही. मार्चमध्ये कंपनीचा जिल्ह्याचा माणूस आला. त्याची मागणी अशी होती: एन्कोडर (चित्र डिजिटल करणारे यंत्र) आणि जोडणीसाठी एक लाख रुपये एकरकमी, दरमहा १५,००० रुपये कॅरेज, आणि नंबर ९८७. आमचे जाहिरातींचे उत्पन्न महिन्याला सरासरी ४०,००० होते आणि कॅमेरामन, ऑपरेटर, भाडे व वीज धरून खर्च ३१,०००. हातात राहणाऱ्या नऊ हजारांतून पंधरा हजार कसे द्यायचे, हे मी त्यालाच विचारले. तो म्हणाला, “भाऊ, दर वाढवा जाहिरातीचे.” ९८७ नंबरवर जाऊन.

नानांचे म्हणणे होते की कर्ज काढू, एक वर्ष भरू आणि मग बघू. माझे म्हणणे होते की एक रुपयाही द्यायचा नाही. मे महिन्यात रथ आहे. रथाच्या दिवशी आपण दिसलो नाही की गाव कंपनीच्या नावाने बोंब मारील आणि तो माणूस स्वतः जिना चढून येईल. मी हे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते, ते आजही मला आठवते आणि नानांना तर त्याहून जास्त आठवते.

रथाच्या संध्याकाळी आम्ही सवयीने चित्रीकरण केले, पण ते दाखवायला जागा नव्हती. नाना ऑफिसात फोनजवळ वही घेऊन बसले आणि पाच ते अकरा या वेळेत आलेला प्रत्येक फोन त्यांनी लिहून काढला. एकूण सतरा. त्यातले नऊ “तुमनं चॅनल कोठे गयं?” असे विचारणारे, सहा जाहिरातदारांचे पैसे परत मागणारे, आणि दोन निधनवार्ता कुठे द्यायची हे विचारणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबलवाल्याला विचारले की तुझ्याकडे किती तक्रारी आल्या. तो म्हणाला, दोन. आणि त्यातली एक आयपीएलचा सामना अडकत असल्याची.

ज्यांच्या छतावरून आमची वायर जायची त्या एका घरातील आजींनी मला त्या रात्रीची हकिकत नंतर सांगितली. त्यांनी जुन्या सवयीने रिमोटवर नऊ दाबले, तर तवे विकणारी कोणतीशी वाहिनी लागली. दोनदा दाबून पाहिले. मग त्यांनी टीव्ही बंद केला, खुर्ची ओट्यावर आणली आणि रथ दारावरून गेला तेव्हा हात जोडले. माझी सगळी मदार ज्या एका कार्यक्रमावर होती, तो गावातल्या अर्ध्या लोकांच्या दारावरून जात होता, आणि बारा वर्षे तो टीव्हीवर दाखवताना हे मला एकदाही सुचले नव्हते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते इथेच आहे. पडद्यावरून वाहिनी गेली की प्रेक्षक कोणाला फोन करतो, त्यावर पैसा कोणत्या दिशेला जाणार हे ठरते. तिकडे सामना दिसला नाही की ग्राहक डिश कंपनीला फोन करतो आणि कनेक्शन बंद करण्याची धमकी देतो, म्हणून कंपनी पैसे मोजते. आपल्याकडेही क्रिकेट आणि मालिका असलेल्या बड्या वाहिन्यांच्या बाबतीत नेमके तेच घडते. त्या कॅरेज भरत बसत नाहीत, उलट ग्राहकांकडून आलेल्या पैशांत वाटा घेतात. माझ्या वेळी मात्र कंपनीला बोलणारा एकच निघाला. त्यामुळे “चूक कोणाची” या तुमच्या पुरवणी प्रश्नात मला अर्थ वाटत नाही. कंपनी लबाड होती, हे माझे मत कायम आहे. पण तिला लबाडी परवडत होती.

नियम नंतर आले. मार्च २०१७ मध्ये ट्रायने नवी चौकट केली आणि ती २०१९ च्या फेब्रुवारीपासून ग्राहकांपर्यंत पोहोचली. तिच्यात साध्या वाहिनीसाठी कॅरेजची कमाल मर्यादा दर ग्राहकामागे महिन्याला २० पैसे आणि एचडीसाठी ४० पैसे ठरली. वाहिनी घेणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण वाढेल तशी ही रक्कम घटत जाते आणि २० टक्के ग्राहकांनी ती वाहिनी घेतली तर शून्य होते. २०२० च्या दुरुस्तीने एका वितरकाला एका वाहिनीसाठी महिन्याला चार लाखांहून जास्त घेता येणार नाही असे झाले. साध्या वाहिनीच्या २० पैशांच्या हिशेबाने वीस लाख ग्राहक झाले की ही मर्यादा गाठली जाते. आता आमचा हिशेब करा. गावात त्या कंपनीचे सुमारे ११,००० कनेक्शन होते. २० पैशांच्या दराने महिन्याचे २,२०० रुपये होतात. आमच्याकडे मागितले होते १५,०००, म्हणजे कनेक्शनमागे जवळजवळ एक रुपया छत्तीस पैसे.

तुम्ही स्वतः वाहिनी काढण्याच्या विचारात असाल, आणि प्रश्नाच्या सुरावरून मला तसे वाटते, तर उपग्रहाच्या वाटेला जाण्यापूर्वी पासबुक पाहा. बातम्यांच्या पहिल्या वाहिनीसाठी कंपनीची निव्वळ मालमत्ता २० कोटी रुपये लागते, इतर वाहिनीसाठी ५ कोटी. डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर, प्रेक्षकाला महिन्याचे काही द्यावे लागत नाही, पण खासगी वाहिनीला तिथली जागा लिलावात घ्यावी लागते आणि तो आकडा कोटींत असतो. तालुक्याच्या वाहिनीला केबलच राहते. तिथे पैशांची बोलणी करण्याआधी चार दिवस वाहिनी मुद्दाम बंद ठेवून बघा आणि केबलवाल्याकडे किती तक्रारी जातात ते मोजा. तुमच्याकडे आलेले फोन मोजू नका, ते फसवे असतात. तक्रारी दहाच्या आत असतील तर सांगतील ती रक्कम ऐकून घ्या आणि घरी या. पैसे भरून ९८७ नंबरवर जाण्यापेक्षा तो एक लाख कॅमेऱ्यात घाला. नानांचा सल्ला ऐकला असता तर पहिल्या वर्षातच एक लाख अधिक एक लाख ऐंशी हजार, असे दोन लाख ऐंशी हजार गेले असते, आणि त्याच सप्टेंबरात स्वस्त ४जी आल्यावर पुढच्या वर्षीचा रथ लोकांनी एकमेकांच्या मोबाइलवरून पाहिलाच असता.

इथे नानांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर कोणीतरी हे उत्तर त्यांना पाठवेल. ते म्हणतात की एक वर्ष पडद्यावर राहिलो असतो तर प्रत्येक संध्याकाळी पट्टीतून आपल्या यूट्यूबचा पत्ता फिरवता आला असता आणि ते अकरा हजार घरांपैकी निदान हजार तरी आपल्यासोबत आले असते. तू त्यांना न सांगता नाहीसा झालास. याला मला इतक्या वर्षांत चांगले उत्तर सापडलेले नाही.

ती वही अजून त्यांच्याकडेच आहे. दरवर्षी आखाजीला (अक्षय तृतीयेला) मांडे आणि रस झाला की ती कपाटातून निघते आणि सतरा फोन पुन्हा मोजले जातात. या वर्षी मी त्यांच्यासमोर २,२०० रुपयांचा हिशेब ठेवणार आहे. ते लगेच म्हणतील की २० पैशांची ती मर्यादा परवानगी असलेल्या उपग्रह वाहिन्यांसाठी आहे. आपण कायद्याच्या नजरेत वाहिनी नव्हतोच, केबलवाल्याची स्वतःची सेवा होतो, आणि त्या सेवेला ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणून केबलसाठी मार्गदर्शक तत्त्वे मिळायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला. यात त्यांचे काहीही चूक नाही.