हे आजारी, वर्कशॉप बंद, घराचा हप्ता कसा भरायचा?

हा प्रश्न माझ्याकडं वर्षभर येत राहतो, नावं आणि धंदे तेवढे बदलतात. कमावता माणूस स्वतःचा धंदा करणारा, म्हणजे ना पगारी रजा ना पीएफ ना ईएसआय, तो झोपला की त्याच दिवशी गल्ला बंद, आणि डोक्यावर घराचं लोन. बाई समोर बसली की पहिलं विचारते, "मॅडम, घर जाणार का ओ?" म्हणून एका कुटुंबाचं सांगते, त्यांना विचारूनच, आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून.

दादा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर (धातू कातायच्या मशीनवर) जॉबवर्क करणारे, दोन मशीन, हाताखाली एक पोरगा. फुलेवाडीकडं स्वतःचं घर बांधलेलं, बँकेचं 14 लाखांचं लोन, 15 वर्षांचं, हप्ता 14,200. सात वर्षं एकपण हप्ता चुकवला नव्हता. मग छातीत दुखायला लागलं, अँजिओग्राफी झाली आणि थेट बायपास. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं, 2024 पासून ती सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू आहे, वर्षाला कुटुंबामागं 5 लाखांपर्यंत. (ती कॅशलेस आहे, म्हणून ॲडमिट होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, गाठायचं, आणि रेशनकार्ड-आधारवरची नावं जुळतात का ते आजच बघून ठेवा, आजारी पडल्यावर नको.) पण योजना ऑपरेशनचे पैसे भरते, किराणा-दूध-लाईटबिल भरत नाही, आणि लोक नेमके इथं अडकतात. बिल तर लागलं नाही, निभेल की, असं म्हणत दोन महिने निघून जातात.

बायपासनंतर छातीचं हाड जुळायलाच सहा ते आठ आठवडे लागतात, जड उचलायचं तर साधारण तीन महिने नावच काढायचं नाही. आणि लेथवर काम म्हणजे चक बदला, जॉब चढवा, उचलणं आलंच.

वहिनी माझ्याकडं आल्या त्या पैशासाठी नाही, झोप येत नाही म्हणून. बोलता बोलता निघालं की डॉक्टर म्हणालेत पेशंटला टेन्शन द्यायचं नाही, त्यामुळं वहिनींनी सगळं एकटीनं अंगावर घेतलेलं. पहिला हप्ता मंगळसूत्र गहाण ठेवून भरला, दुसऱ्याला ओळखीच्या एका बाईकडनं 30 हजार घेतले, शेकडा पाचनं. महिन्याला दीड हजार नुसतं व्याज, म्हणजे वर्षाला साठ टक्के! नऊ टक्क्यांच्या लोनचा हप्ता भरायला साठ टक्क्यांचं कर्ज काढलं होतं बघा, आणि हे शिकलेली, हिशोबी माणसंसुद्धा करतात, कारण बँकेत जायची लाज वाटते, ओळखीची बाई मात्र काही विचारत नाही.

मी म्हटलं, पुढच्या वेळी दादांना घेऊन या. त्या तयारच होईनात, "मॅडम, ह्यांना काही झालं म्हणजे?" डॉक्टरांना फोन करून विचारायला लावलं, ते म्हणाले शांतपणे, सावकाश सांगा, चालेल.

दोघं बसले. वहिनींनी सुरुवात करायच्या आधी दादाच म्हणाले, "मंगळसूत्र गुजरीत, सराफाकडं जोडायला दिलंय म्हणतीस, महिना झाला. एवढ्या दिवसात नवीन घडतंय." त्यांना सगळं कळलं होतं, पण विचारलं तर तिला वाईट वाटेल म्हणून गप्प. दोघं एकमेकांना जपत होते आणि दोघंही रात्रभर जागे. टेन्शन द्यायचं नाही म्हणजे लपवायचं, हा अर्थ कोण काढतं मला माहीत नाही, पण घरोघरी हेच चाललेलं बघते आणि पेशंटला त्याचाच जास्त त्रास होतो, कारण तो अंदाज लावत बसतो आणि अंदाज कायम खऱ्यापेक्षा वाईट असतो.

मग दादांनी त्यांच्याकडची गोष्ट काढली. वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये डायरी, तिच्यात गिऱ्हाइकांकडनं यायचे 1 लाख 10 हजार! वहिनींना पत्ताच नाही. मागितले का नाहीत विचारलं तर म्हणे, आजारी पडलाय म्हणून मागतोय असं वाटायला नको. अहो, तुमच्या घामाचे पैसे आहेत ते! पुतण्यानं दोन दिवस बसून सगळ्यांना फोन केले, बरेच जण लगेच देऊन गेले, एकानं तर घरी आणून दिले. एक पार्टी टाळत होती, तिला सांगितलं की दादांचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, कायद्यानं छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर व्याज चढतं. ते ऐकल्यावर तिनंही निम्मे दिले. धंदा छोटा असला तरी हे रजिस्ट्रेशन करून ठेवा, फुकट होतं.

आलेल्या पैशातनं सगळ्यात आधी ती शेकडा पाचची उधारी फेडायला लावली. मंगळसूत्र राहू दे म्हटलं, ते बँकेत आहे, व्याज कमी आहे. (विनालायसन्स व्याजानं पैसे देणं 2014 च्या सावकारी कायद्यानं गुन्हा आहे. कोणी दमदाटी करत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडं तक्रार करता येते.) मेहुणे म्हणत होते एक मशीन विकून टाक. मी कळकळीनं नको म्हटलं, पडत्या भावात जाईल आणि दादा उभे राहिल्यावर कमवायचं कशावर? त्यापेक्षा हाताखालचा पोरगा होता त्याच्याशी निम्म्या वाट्यावर ठरवलं, तो चालवतो, दादा खुर्चीवर बसून ड्रॉइंग बघतात आणि माप तपासतात.

राहिली बँक. घर असं लगेच जात नाही. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, धरलं जातं, त्यानंतर सरफेसी कायद्याखाली (ह्या कायद्यानं बँक तारण घर ताब्यात घेऊ शकते) 60 दिवसांची नोटीस येते, मग पुढची कारवाई. पण 90 दिवस संपायची वाट बघायची नाही, कारण तोपर्यंत मॅनेजरला काही करता येतं, नंतर त्याचेही हात बांधले जातात. दोघं डिस्चार्ज कार्ड, विश्रांतीचं सर्टिफिकेट आणि लेखी अर्ज घेऊन गेले, अर्जाच्या कॉपीवर पोच घेतली. लोनसोबत एक पॉलिसी काढलेली, ती हप्ते भरेल अशी दादांची समजूत होती, कागद वाचला तर ती फक्त मृत्यूनंतरची निघाली. तुमची पण काढून वाचा, काहींत गंभीर आजाराचं कव्हर असतं.

शिल्लक कर्ज साधारण 9 लाख 70 हजार. बँकेनं तीन महिने नुसतं व्याज घ्यायचं कबूल केलं, महिन्याला सव्वासात हजारच्या आसपास. मुदत पाच वर्षं वाढवायचा पर्यायही दिला, हप्ता साडेदहा हजारांवर आला असता, पण एकूण व्याज पावणेतीन लाखांच्या वर जास्त. दोघांनी रात्री बसून गणित केलं आणि ते नाकारलं. प्रत्येकानं नाकारावं असं मी म्हणणार नाही, आजार लांबणार असेल तर कमी हप्ताच बरा. आणि असा बदल सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, दिसू शकतो, नवीन कर्ज अवघड जातं, हे माहीत असू दे. बँकेनं हो म्हणायलाच पाहिजे असंही नाही, पण लेखी मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

दादा आता रोज चार तास वर्कशॉपला जातात, पूर्ण हप्ता सुरू झालाय, मंगळसूत्र अजून बँकेतच आहे. डायरी वहिनी लिहितात, बारावीतल्या मुलीलाही घरची परिस्थिती माहीत आहे, तिनं स्वतःहून क्लासची फी दोन टप्प्यात करून घेतली.

तुमच्या घरी आत्ता हेच चाललं असेल तर आधी एकमेकांसमोर बसून सगळं येणं-देणं एका कागदावर काढा, आणि हप्त्याची तारीख उलटायच्या आधी ब्रँचला अर्ज द्या. एकटीनं जाऊ नका, घरातलं कोणीतरी सोबत न्या.