लीड्सहून एका दिवसात करता येईल अशी, इंग्लंडच्या डोंगराळ ग्रामीण भागातली रोड सायकलची फेरी कोणती?

तुम्ही लीड्सला राहता, पुण्यात असताना सिंहगडाचा घाट सायकलने नियमित चढत होता, आणि जिथून निघाल तिथेच परत आणून सोडणारी, एका दिवसात पुरी होणारी डोंगराळ फेरी तुम्हाला हवी आहे, असे तुम्ही कळवले आहे. माझ्या मते या अटींत सर्वांत चांगली बसते ती यॉर्कशायर डेल्समधली, वेन्स्लीडेल आणि स्वेलडेल या दोन शेजारच्या खोऱ्यांना जोडणारी फेरी. अंतर सुमारे 70 किलोमीटर, एकूण चढाई हजार मीटरच्या आसपास, आणि खरे चढ दोनच: बटरटब्जची खिंड आणि ग्रिंटनचे माळरान. बहुतेक जण ही फेरी हॉज या गावापासून सुरू करतात. मी मात्र ती लेबर्नपासून, आधी पश्चिमेकडे जात, करावी असे सुचवेन.

याचे कारण वारा. ही दोन्ही खोरी साधारण पूर्व-पश्चिम पसरलेली आहेत आणि इथला नेहमीचा वारा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. हॉजहून निघालात तर बटरटब्ज ताज्या पायांनी चढाल, स्वेलडेलमधून वारा पाठीशी घेऊन खाली याल, पण ग्रिंटनचा चढ संपल्यावर शेवटचे 30 किलोमीटर समोरच्या वाऱ्याशी झगडत वेन्स्लीडेलमधून वर यावे लागेल. लेबर्नहून निघाल्यास हाच त्रासाचा टप्पा सकाळी, अंगात दम असताना उरकतो, मोठा चढ मध्यावर येतो आणि त्यानंतरच्या लांब टप्प्यावर वारा मदत करतो. नकाशावर रेषा तीच राहते, दिवस मात्र पुष्कळ बदलतो.

लेबर्नहून वेन्स्ली गावात उतरले की मुख्य रस्ता सोडून उजवीकडे रेडमायरच्या दिशेने वळावे. ए 684 हा हमरस्ता यूर नदीच्या दक्षिणेने थेट हॉजला जातो, पण त्यावर मोटारी आणि अवजड वाहने असतात. उत्तरेच्या काठाने रेडमायर, कारपर्बी, ॲस्क्रिग असा जाणारा रस्ता अरुंद, वळणावळणाचा आणि बराच शांत आहे. वाटेत डोंगरउतारावर बोल्टनचा किल्ला दिसतो, जिथे स्कॉटलंडची राणी मेरी हिला 1568 साली कैदेत ठेवले होते. कारपर्बीहून थोडी वाकडी वाट केली तर यूर नदीवरचे एस्गार्थचे तीन टप्प्यांचे धबधबे पाहता येतात, परंतु सायकल लावून पायी जावे लागते आणि तळाला पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्या असलेल्या सायकलच्या बुटांनी ओल्या दगडांवर चालणे शहाणपणाचे नाही; ते मी वेगळ्या दिवसासाठी ठेवले असते. हॉजला मात्र थांबावेच. वेन्स्लीडेल चीज बनवणारे हे गाव, मंगळवारी इथे बाजार भरतो, आणि पुढचे खात्रीचे खाणेपिणे चढ उतरून गेल्यावरच मिळते, म्हणून बाटल्या इथेच भरून घ्याव्यात.

आता बटरटब्ज. हॉजहून नदी ओलांडून उत्तरेला सायमनस्टोनपाशी चढ सुरू होतो. 5 जुलै 2014 रोजी टूर द फ्रान्सचा लीड्स ते हॅरोगेट हा पहिला टप्पा याच बाजूने इथून गेला, आणि शर्यतीच्या नोंदीत हा चढ साडेचार किलोमीटरचा, सरासरी 6.8 टक्क्यांचा होता. येन्स फोइग्ट हा 42 वर्षांचा जर्मन सायकलपटू त्या दिवशी इथे एकटाच सर्वांच्या पुढे होता आणि संध्याकाळी डोंगरचढाईचा ठिपक्यांचा सदरा त्यालाच मिळाला. ही सरासरी वाचून सिंहगडाच्या हिशेबाने फार विचार करण्यासारखे काही नाही असे वाटेल, पण इथे सरासरी फसवी असते. आपल्याकडचे घाटरस्ते मोटारी किंवा बैलगाड्या चढाव्यात म्हणून वळणे घेत, चढ वाटून घेत बांधलेले आहेत. डेल्समधले रस्ते बहुधा जुन्या वाटांवरच डांबर टाकून झालेले, त्यामुळे ते वळसा न घालता सरळ वर जातात. बटरटब्जचा सुरुवातीचा भाग दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांमधून इतका तीव्र आहे की उरलेला चढ त्यामानाने विसावा वाटतो. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या नकाशावर रस्त्यावर एक बाण असेल तर चढ 14 ते 20 टक्के, दोन बाण असतील तर 20 टक्क्यांहून अधिक. मार्ग आखताना सरासरीपेक्षा हे बाण मोजावेत. गिअरच्या बाबतीत पुढे 34 दातांची लहान चकती आणि मागे 32 किंवा 34 दातांची मोठी असेल, तर बसून चढता येईल. याहून जड गिअरने चढणारे लोक आहेत, पण त्यांचे गुडघे तुम्हाला उसने मिळणार नाहीत.

तीव्र भाग संपतो तिथे गडगे मागे पडतात, रस्त्यावर लोखंडी गजांची जनावररोधक जाळी येते आणि पुढे सारे मोकळे माळ. डावीकडे 716 मीटर उंचीचा ग्रेट शनर फेल हा डोंगर, उजवीकडे लव्हली सीट नावाचा दुसरा, आणि या दोहोंमधून रस्ता 526 मीटरवर खिंड ओलांडतो. माथ्यापलीकडे, स्वेलडेलच्या बाजूला, रस्त्याच्या कडेलाच चुनखडीत पाण्याने कोरलेले खोल खड्डे आहेत. बाजाराला निघालेले शेतकरी विसाव्याला थांबत तेव्हा लोणी गार राहावे म्हणून या खड्ड्यांत सोडून ठेवत, अशी आख्यायिका आहे आणि खिंडीचे नावही त्यावरूनच पडले असे सांगतात. सायकलवरून उतरून पाहण्यासारखी या फेरीत एकच जागा निवडायची तर मी हीच निवडेन. पुढे रस्ता एका खोल घळीच्या काठाकाठाने थ्वेटकडे उतरतो. दृश्य अप्रतिम असले तरी इथे नजर रस्त्यावरच असावी: मेंढ्या मोकळ्या फिरतात, पूर्वसूचना न देता आडव्या येतात, आणि शनिवार-रविवारी मोटरसायकलवाल्यांचे ताफे याच वळणांवर हौस भागवायला येतात. जाळ्या नेहमी सरळ रेषेत आणि हँडल न वळवता ओलांडाव्यात. ओल्या असताना त्यावर ब्रेक लावू नये.

थ्वेटपासून रीथपर्यंतचे सुमारे 18 किलोमीटर मला या फेरीतले सर्वांत सुंदर वाटतात. म्यूकर, गनरसाइड, लो रो अशी करड्या दगडांची लहान गावे, शेताशेतांतून उभे असलेले दुमजली दगडी गोठे, ज्यांच्या वरच्या भागात गवत आणि खाली जनावरे असत, आणि चढावर थेट कड्यापर्यंत गेलेले चुन्याविना रचलेले गडगे. म्यूकरजवळची गवताची कुरणे जूनच्या उत्तरार्धात रानफुलांनी भरलेली असतात. जुलैत पुढे गवत कापले की ती हिरवी पण सपाट दिसतात, म्हणून तारीख तुमच्या हातात असेल तर जूनचा शेवट निवडावा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत या खोऱ्यात शिशाच्या खाणी होत्या, आणि त्या बंद पडल्यावर इथली वस्ती झपाट्याने ओसरली. आज जी निवांत शांतता आपण वाखाणतो तिच्यामागे तेही आहे.

रीथच्या विस्तीर्ण हिरवळीभोवती चहा-खाण्याची सोय होते. त्यानंतर स्वेल नदी ओलांडून ग्रिंटन, आणि चर्चच्या बाजूने लगेच दुसरा चढ. टूरच्या नोंदीत तो तीन किलोमीटरचा, सरासरी 6.6 टक्क्यांचा होता. वर गेल्यावर रस्ता फुटतो: उजवीकडचा रेडमायरला, डावीकडचा लेबर्नला. डावा धरावा. ऑगस्टमध्ये हे सारे माळरान हेदर या खुरट्या झुडपाच्या फुलांनी जांभळे होते. याच भागात लष्कराची सरावाची मैदाने आहेत, त्यामुळे गोळीबाराचे आवाज ऐकू आले तर दचकू नये. लेबर्नपर्यंत मग मुख्यतः उतार.

हवेबद्दल थोडे गांभीर्याने सांगतो. 30 जुलै 2019 रोजी झालेल्या अतिवृष्टीत स्वेलडेलमध्ये पूर आला आणि ग्रिंटनच्या माळरानावरच्या रस्त्यावरचा एक पूल कोसळला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला जागतिक रोड सायकलिंग स्पर्धेतली पुरुषांची शर्यत बटरटब्ज आणि ग्रिंटनमार्गे जायची होती, पण पावसाने रस्ते पाण्याखाली गेल्यामुळे आयोजकांना हे दोन्ही चढ वगळावे लागले. सह्याद्रीतल्या पावसाची सवय असलेल्या माणसाला इथला पाऊस किरकोळ वाटतो, पण तो थंड असतो आणि माथ्यावर वाऱ्यासह येतो. घामाने भिजून 526 मीटरवर पोहोचल्यावर लगेच लांब उतार लागला की हात ब्रेक दाबेनासे होतात. म्हणून जुलैतसुद्धा वारा अडवणारे हलके जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात असावेत. खोऱ्यांत मोबाईलचे जाळे अनेक ठिकाणी नसते, तेव्हा मार्ग आधीच उतरवून घ्यावा.

मोटारीने आलात तर प्रश्नच नाही. रेल्वेने यायचे असेल तर नॉर्थॲलर्टन स्थानकापासून लेबर्न सुमारे 30 किलोमीटर पडते, म्हणजे दिवसाचे अंतर जवळजवळ दुप्पट होते. दुसरा पर्याय लीड्सहून सेटल-कार्लाइल मार्गावरचे गार्सडेल. तिथून हॉज सुमारे 10 किलोमीटर. तसे केल्यास फेरी हॉजहूनच करावी लागेल आणि शेवटचा समोरचा वारा पत्करावा लागेल. तेव्हा लेबर्नला न जाता ग्रिंटनच्या माळावर उजवा फाटा घेऊन थेट रेडमायरला उतरा. काही किलोमीटर वाचतील आणि परतीची गाडी चुकण्याची धास्ती राहणार नाही. गाडीत सायकलींसाठी जागा मोजकीच असते, त्यामुळे तिकीट काढतानाच नियम पाहून घ्यावेत.