दहावीनंतर अमेरिकेत : विज्ञान, मानसशास्त्र आणि गणिताच्या एपी विषयांबद्दल

भाऊ, तुमचे पत्र दोनदा वाचले. मुलगी चाळीसगावच्या शाळेतून सेमी इंग्रजी माध्यमाने दहावी झाली आहे, कंपनी तुम्हाला ऑगस्टमध्ये न्यू जर्सीला पाठवते आहे, मुलीला पुढे डॉक्टर व्हायचे आहे आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित व मानसशास्त्र हे पाचही विषय तिला तिथल्या एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) अभ्यासक्रमातून घ्यायचे आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की मानसशास्त्र हा आर्ट्सचा विषय असल्याने तो सोडावा, नाहीतर मुलीला बारावीपर्यंत आजीजवळच ठेवावे. मी स्वतः यावल तालुक्यातली; कनिष्ठ महाविद्यालयात नऊ वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आणि 14 वर्षांपूर्वी इकडे आले. माझा मुलगा याच वाटेने गेला आहे, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

मुलीला मागे ठेवू नका. दहावी झालेल्या मुलीला इथे शाळेची दोनच वर्षे मिळतात हे खरे, पण त्या दोन वर्षांत इथल्या वर्गाची आणि लिहिण्याची जी सवय लागते, ती नसणे बारावी करून थेट कॉलेजात येणाऱ्या मुलांना पहिल्या सहामाहीत फार महागात पडते. वय पाहून शाळेने तिला पुन्हा दहावीत बसवतो म्हटले, तर आपल्याकडे तो कमीपणा वाटतो. मी मात्र ते आनंदाने मान्य केले असते, कारण एक वर्ष जास्तीचे मिळते.

एपी म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचा अभ्यासक्रम. कॉलेज बोर्ड ही संस्था 1955 पासून तो चालवते. परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात होते आणि गुण 1 ते 5 असे मिळतात. वर्गात वर्षभर शिक्षक देतात ती श्रेणी वेगळी आणि मे महिन्यातला हा आकडा वेगळा, हे पहिल्यापासून लक्षात ठेवा. श्रेणी शाळेच्या गुणपत्रकात कायम राहते. परीक्षेच्या आकड्याचा उपयोग मुख्यतः कॉलेजात तो विषय पुन्हा न घेण्यासाठी होतो, आणि त्यासाठी किती गुण लागतात हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते.

आता पाच विषयांचा हिशोब. न्यू जर्सीत शाळा पूर्ण करायला किमान 120 क्रेडिट (विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारी एकके) लागतात आणि त्यांत चार वर्षांचे इंग्रजी, दोन वर्षांचा अमेरिकेचा इतिहास आणि दरवर्षी शारीरिक शिक्षण सक्तीचे असते. नववी-दहावीच्या आपल्या गुणपत्रिकांवरून शाळा गणित, विज्ञान, भाषा यांची क्रेडिट देते, पण अमेरिकेचा इतिहास आपल्या मुलांनी कुठून शिकलेला असणार? तो दोन्ही वर्षे वेळापत्रकात ठाण मांडून बसतो. शिवाय घरी मराठी किंवा अहिराणी बोलतात असे प्रवेशअर्जात लिहिले, की इंग्रजीची चाचणी होते. तिथे खोटे लिहू नका. सेमी इंग्रजीतली मुले थोड्या तयारीने ही चाचणी पार पाडतात, पण ती अडली तर आणखी एक तास इंग्रजीला जातो. एवढे सगळे वजा केल्यावर दोन वर्षांत तीन, फार तर चार एपी विषय बसतात, आणि त्यांतला कोणता कधी घ्यायचा हे गणितावर ठरते.

म्हणून सर्वांत जास्त काळजी गणिताच्या पायरीची घ्या. इथे बीजगणित 1, भूमिती, बीजगणित 2, प्रीकॅल्क्युलस (कलनाची पूर्वतयारी) आणि मग कॅल्क्युलस (कलन) अशी वर्षावर वर्ष रचलेली शिडी असते, तर आपल्या दहावीत बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षी दोन पुस्तकांतून चालतात. तुमच्या मुलीने वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, समरूपता, निर्देशक भूमिती, त्रिकोणमितीची सुरुवात हे सारे केलेले आहे. लॉगॅरिदम, घातांकी फले, संमिश्र संख्या आणि रेडियनमधली त्रिकोणमिती केलेली नाही. आम्ही आलो तेव्हा शाळेतल्या, मुलांचे विषय ठरवून देणाऱ्या काउन्सेलरबाईंनी गुणपत्रिका चाळली, तिच्यात फक्त 'गणित' असा एकच शब्द पाहिला आणि मुलाला बीजगणित 2 मध्ये बसवले. मी स्वतः शिक्षिका असूनही गप्प राहिले. नव्या देशात पहिल्याच भेटीत हुज्जत कशाला घाला, असे वाटले. मुलगा वर्षभर येत असलेलेच सोडवत बसला, कॅल्क्युलस एक वर्ष लांबले आणि त्याच्या मागे कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्रही गेले.

तुम्ही ही चूक करू नका. अभ्यासक्रमातल्या प्रकरणांची नावे इंग्रजीत टाइप करून गुणपत्रिकेला जोडा आणि प्लेसमेंट टेस्ट (कोणत्या वर्गात बसवायचे हे ठरवणारी चाचणी) घ्या म्हणून लेखी विनंती करा. त्या चाचणीची तयारी करायला महागडा क्लास नको, कारण बालभारतीची अकरावीची गणिताची पुस्तके नेमकी तीच उणीव भरून काढतात. कोन व त्याचे मापन, त्रिकोणमिती, संमिश्र संख्या, फले आणि लॉगॅरिदम एवढे जुलैअखेर झाले, तर ती अकरावीत प्रीकॅल्क्युलसला आणि बारावीत एपी कॅल्क्युलसला बसू शकते. कॅल्क्युलसचे एबी आणि बीसी असे दोन अभ्यासक्रम आहेत; बीसीमध्ये एबीचे सगळे असतेच, शिवाय अनंत श्रेढी, प्राचलिक समीकरणे आणि ध्रुवीय निर्देशक येतात. प्रीकॅल्क्युलसमध्ये ती सहज रमली तर बीसी घ्यावे, दमछाक झाली तर एबी पुरेसे आहे. (तुमच्याच तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे, आणि ग्रहाच्या तात्कालिक गतीचा भास्कराचार्यांनी 12व्या शतकात केलेला विचार अवकलनाच्या अगदी उंबरठ्यावरचा आहे. मुलीला निघण्यापूर्वी तिथे एकदा घेऊन जा.)

विज्ञानाचे तिन्ही विषय एपी पातळीवर घेण्याचा हट्ट सोडा. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या एपी वर्गांसाठी आधी साधा रसायनशास्त्राचा वर्षभराचा वर्ग झालेला असावा अशी अपेक्षा असते, म्हणून अकरावीत तो घ्यावा आणि बारावीत एपी जीवशास्त्र. भौतिकशास्त्राचा 'फिजिक्स 1' हा एपी अभ्यासक्रम बीजगणितावर चालतो आणि 'फिजिक्स सी' कॅल्क्युलसवर. वैद्यकीयकडे जाणाऱ्या मुलीला पहिला पुरेसा आहे, तोही जागा उरली तरच.

आपल्या मुलांना इथे आशय जड जात नाही. माझ्या मुलाच्या रसायनशास्त्राच्या पहिल्या चाचणीत सगळी उत्तरे बरोबर होती आणि गुण निम्मे कापलेले होते, कारण प्रश्नात 'जस्टिफाय' असा शब्द होता आणि त्याने आकडा काढून खाली दोन रेघा मारल्या होत्या. कोणता पुरावा, त्यावरून कोणता निष्कर्ष आणि तो का निघतो, हे दोन-तीन वाक्यांत लिहिल्याशिवाय इथे गुण नाहीत. एपी जीवशास्त्राच्या परीक्षेत 90 मिनिटांत 60 बहुपर्यायी प्रश्न असतात आणि नंतरच्या 90 मिनिटांत सहा लेखी. त्या लेखी प्रश्नांत बहुधा एखाद्या प्रयोगाची आकडेवारी देऊन तिच्यावर लिहायला सांगतात. प्रयोगशाळेतही तसेच. आपल्याकडे जर्नल आधी लिहून होते आणि प्रयोग मागाहून, हे मी शिक्षिका म्हणून कबूल करते. इथे गृहीतक मुलांनीच मांडायचे, नियंत्रित गट त्यांनीच ठरवायचा आणि चुकलेला प्रयोग चुकला असे लिहून कारण शोधायचे. बहुपर्यायी भागात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे 'नीट'च्या तयारीत लागलेली प्रश्न सोडून देण्याची सवय तिने इथे मोडली पाहिजे.

मानसशास्त्राबद्दल वडीलधाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत हा विषय बहुधा कला शाखेत असतो म्हणून तसे वाटते, पण एपी मानसशास्त्राचा पहिलाच घटक चेताकोश, चेतापारेषके, मेंदूचे भाग आणि झोप यांचा आहे. त्यानंतर बोधन, विकास व अध्ययन, सामाजिक मानसशास्त्र व व्यक्तिमत्त्व, आणि शेवटी मानसिक व शारीरिक आरोग्य असे एकूण पाच घटक आहेत. डॉक्टर व्हायचे असेल तर हे जास्तच कामाचे आहे: इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या एमकॅट या प्रवेश परीक्षेच्या चार भागांपैकी एक भाग 2015 पासून मुख्यतः मानसशास्त्र आणि समाजशास्त्रावर असतो.

हा विषय सोपा समजून घेणारी मुले दोन ठिकाणी अडखळतात. एक म्हणजे संज्ञा. नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा, असा घोळ जवळजवळ प्रत्येकजण घालतो. सीटबेल्ट लावल्यावर गाडीची कटकटी शिट्टी थांबते आणि म्हणून आपण पट्टा लावायला शिकतो, हे नकारात्मक प्रबलन झाले, कारण नकोशी गोष्ट काढून घेतल्याने वर्तन वाढले. दुसरे, आणि जास्त अवघड, म्हणजे संशोधनपद्धती. मे महिन्यात जळगावात उसाच्या रसाच्या गाड्यांवर गर्दी वाढते आणि उष्माघाताचे रुग्णही वाढतात. म्हणून रसाने उष्माघात होतो असे कोणी म्हणत नाही, दोन्हींच्या मागे ऊन आहे. एवढी साधी गोष्ट एखाद्या शोधनिबंधाच्या सारांशात लपवून विचारली, की हुशार मुलेही सहसंबंधाला कार्यकारणभाव म्हणून मोकळी होतात. परीक्षेत 90 मिनिटांत 75 बहुपर्यायी प्रश्न असतात आणि त्यानंतर दोनच लेखी प्रश्न, दोन्ही याच जातीचे: एकात एका संशोधनाचा सारांश देऊन पद्धत, चल, नैतिक काळजी, निष्कर्ष कोणापर्यंत लागू पडतो वगैरे विचारतात, दुसऱ्यात तीन संशोधने देऊन एक दावा मांडायला आणि तो पुराव्याने टिकवायला सांगतात. आधी दुसरा कोणताही विषय झालेला असण्याची अट नसल्याने मानसशास्त्र अकरावीतच घ्यावे. वाचन भरपूर असते. त्याने इंग्रजीही सुधारते आणि पुढच्या वर्षीच्या जीवशास्त्राच्या लेखी उत्तरांची तालीमही होते. बारावीत कॅल्क्युलस नकोसे वाटले, तर एपी संख्याशास्त्र ही याच विषयाला धरून असलेली चांगली वाट आहे.

डॉक्टरकीबद्दल एकच सांगते, कारण ते तुम्हाला इथे आल्यावर कोणी सांगणार नाही. एच-4 व्हिसावरच्या (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळतो तो) मुलीला अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही, तो व्हिसा 21व्या वर्षी संपतो, आणि परदेशी नागरिकांना घेणारी वैद्यकीय महाविद्यालये थोडी आहेत. तेव्हा फक्त त्याच एका ध्येयावर विषय बेतू नका.

कागदपत्रांत शाळा सोडल्याचा दाखला, नववी-दहावीच्या गुणपत्रिका, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद इंग्रजीत करून घ्या. सरकारी शाळा प्रवेशासाठी इकडच्या पत्त्याचा पुरावा मागते, जसे घरभाड्याचे करारपत्र. पुढच्या वर्षीचे विषय इथली मुले हिवाळ्यातच निवडून ठेवतात आणि ऑगस्टमध्ये येणाऱ्याच्या वाट्याला उरलेल्या जागा येतात, म्हणून गाव ठरताच, विमानाच्या तिकिटाआधी, काउन्सेलरला ईमेल करा. ग्राफिंग (आलेख काढणारा) कॅल्क्युलेटर तिकडून घेऊ नका. बऱ्याच शाळा तो वापरायला देतात, आणि कॅल्क्युलसच्या परीक्षेचा निम्म्याहून अधिक भाग कॅल्क्युलेटरशिवायच सोडवायचा असतो, जिथे हाताने आकडेमोड केलेल्या आपल्या मुलांचा हात इतरांपेक्षा चांगला चालतो. ती बालभारतीची अकरावीची पुस्तके मात्र हातातल्या बॅगेत ठेवा. आमची मोठी बॅग नऊ दिवसांनी पोहोचली होती आणि चाचणी चौथ्याच दिवशी होती.