जपानमधल्या ऑफिसात सहकारी बाईंनी 14 फेब्रुवारीला चॉकलेट दिलं. हे प्रेम समजायचं की नुसता व्यवहार? परत काही द्यावं लागतं का?

सगळ्या सेक्शनला सारखीच डबी मिळाली असेल, तर ते 'गिरी-चोको', म्हणजे कर्तव्याचं चॉकलेट. तुम्हाला एकट्यालाच, घरी केलेलं, बाजूला बोलावून दिलं असेल तर 'होन्मेई', म्हणजे मनातलं. परत द्यावं लागतंच. पण तुमचा 'नुसता व्यवहार' हा शब्द मला झोंबला, म्हणून लिहितोय.

मी नागोयात होतो. शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. पहिल्याच आठवड्यात वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायला त्या माझ्याबरोबर आल्या, बँकेचा फॉर्म शेजारी बसून भरून घेतला. 14 फेब्रुवारीला त्यांनी प्रत्येक पुरुषाच्या टेबलावर तीन चॉकलेटांची डबी ठेवली. माझा रूममेट म्हणाला, "मिळालंय ना, खा की! परत कसलं देतोस, उसनं घेतलंयस का?" मी त्याचं ऐकलं.

14 मार्चला तिकडे व्हाइट डे असतो. मिठाईवाल्यांच्या संघटनेने 1980 पासून तो रुजवला, पुरुषांनी परतफेड करायची म्हणून. सकाळी नऊच्या आत बाईंच्या टेबलावर सात पिशव्या आल्या. माझी नव्हती. बाईंच्या वागण्यात तसूभरही फरक पडला नाही. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, गॅसचं बिल भरलंस ना? मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात गेलो, तर व्हाइट डेचे स्टॉल उठलेले. नेहमीच्या काउंटरवरून हजार येनच्या बटर कुकीज घेतल्या. तिथल्या मुलीने डबा कागदावर तिरका ठेवून असा गुंडाळला की चिकटपट्टीचा एकच तुकडा लागला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि न उघडता पिशवीत ठेवला. समोर उघडत नाहीत तिकडे. सकाळी माझ्या कीबोर्डवर चिठ्ठी होती : 'आईला कुकीज फार आवडल्या.' त्यांच्या घरी म्हातारी आई आहे, हे मला वर्षभरात माहीत नव्हतं.

याला व्यवहार म्हणायचं? माझ्या आईकडे आहेराची वही आहे. कोणी किती दिलं, साडी की भांडं, सगळं लिहिलेलं. दादा त्या वहीला कायम 'दुकानाची खतावणी' म्हणत आला. जपानी लग्नात मित्र 30,000 येन देतात, दहा हजारांच्या तीन कोऱ्या नोटा; दोन सारखे भाग पडू नयेत म्हणून नोटांचा आकडा विषम. आपण 501 देतो तो वरचा रुपया कशासाठी असतो? दादाने स्वतःच्या पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापलं आणि मामाने आईसाठी आणलेलं लुगडं मांडवातून परत पाठवलं. आई त्या दिवशी जेवली नाही. लक्षात ठेवून परत देणं हा कोरडेपणा नाही, दादा. घेऊन विसरून जाणं हा कोरडेपणा.

एक राहिलं. 'तिप्पट परत द्यावं' असं तिकडे म्हणतात, पण गिरी-चोकोला ते मनावर घेऊ नका. तेवढ्याच किमतीचं किंवा थोडं वरचं पुरे, फार महाग दिलंत तर समोरच्यावरच ओझं. आणि ही प्रथा आता सगळ्यांना आवडतेच असं नाही. 2018 मध्ये गोडायव्हा या चॉकलेट कंपनीनेच पेपरात पानभर जाहिरात दिली होती, गिरी-चोको बंद करू या म्हणून. काही ऑफिसांत तर ती बंदच आहे, तेव्हा पुढच्या वर्षी आधी एखाद्या जुन्या माणसाला विचारा. या वर्षी मात्र तुम्हाला मिळालंय. डबा 13 मार्चलाच घेऊन ठेवा.