दर रविवारी उचललेलं प्लास्टिक परत येतं, मग हात कुठून घालायचा?

प्रश्न: ताई, मी नेरूळला राहते, सेकंड इयरला आहे. आमचा ग्रुप दर रविवारी खाडीकाठचं प्लास्टिक गोळा करतो, पोती भरतात, फोटो निघतात आणि पुढच्या रविवारी तेवढंच प्लास्टिक परत तिथेच. मध्ये कॉलेजमध्ये सिस्टीम्स थिंकिंगचं, म्हणजे प्रश्न सुटे न बघता त्यांचे एकमेकांशी धागे शोधण्याचं, वर्कशॉप झालं, चार्टपेपरवर गोल काढले, बाण काढले, प्लास्टिक, क्लायमेट, गरिबी सगळं एकमेकांत गुंतलंय हे कळलं, पण ते कळल्यावर उलट जास्तच हतबल वाटायला लागलंय. आम्हाला यंग लीडर्स म्हणतात, पण एवढ्या मोठ्या गुंत्यात आम्ही करणार काय?

उत्तर: बाण काढून झाल्यावर जिथे सगळे थांबतात, तिथे तू अडून प्रश्न विचारलास हे मला फार आवडलं. अमेरिकेतल्या सिस्टीम्सच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्ये १२ जागांची एक यादी केली होती, सिस्टीममध्ये कुठे जोर लावला तर किती फरक पडतो त्याची. टॅक्स वाढवा, सबसिडी द्या असले आकड्यांचे बदल त्यात सगळ्यात खाली आहेत. माहिती कोणापर्यंत पोचते, नियम कोण ठरवतं, ही सगळी व्यवस्था मुळात कशासाठी चाललीय, हे पार वरती. आणि आपण बहुतेक वेळा खालच्याच टोकाला घाम गाळत असतो.

तुझ्या शहराचंच बघ ना. नवी मुंबईचा बराच भाग खाडीत भराव घालून मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली वसवलाय, म्हणून सिडकोने डच पद्धतीने होल्डिंग पॉण्ड बांधले. भरती आली की खाडीकडची झडप बंद होते, नाल्यांतून आलेलं पावसाचं पाणी पॉण्डमध्ये थांबतं आणि ओहोटी लागली की बाहेर जातं. फार सुंदर व्यवस्था आहे ही. पण डोंगराच्या बाजूने नाल्यांतून माती येत राहिली, पॉण्डमध्ये गाळ बसत गेला, गाळावर तिवरं वाढली. आता गाळ काढायचा तर तिवरं तोडावी लागणार आणि तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे (ते असायलाच हवं, २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिवरं तोडणं म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला असं म्हटलंय). गाळ तसाच राहिला की पाणी कमी मावतं आणि मुसळधार पाऊस अन् मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी थेट रस्त्यावर, त्यात झडपेत प्लास्टिक अडकलं तर बघायलाच नको. यात वाईट हेतू कोणाचाच नाही. पूर अडवायला केलेली सोय आणि खाडी वाचवायला केलेला कायदा, दोन्ही बरोबर, पण दोघं एकमेकांना अडवतायत आणि हे तुला एकट्या पॉण्डकडे बघून कधीच दिसणार नाही, एकट्या तिवरांकडे बघूनही नाही. मला विचारशील तर माती नाल्यात उतरते तिथेच ती अडवायला हवी. मोठे पंप बसवले की आजचं पाणी निघेल, गाळ तसाच.

बोयान स्लॅट या डच मुलाने २०१३ मध्ये, १८ वर्षांचा असताना, समुद्रातलं प्लास्टिक काढायला संस्था काढली. सुरुवात भर पॅसिफिकमधल्या कचऱ्यापासून. पुढे समुद्राचं काम चालू ठेवून २०१९ पासून त्यांनी नद्यांमध्येही यंत्रं लावली, कारण वरून येणारं थांबवल्याशिवाय खालचं संपत नाही. तो एक पाऊल वर सरकला, तुम्हीही सरका.

पण माझ्या मते याहून मोठं काम पॅसिफिकच्या छोट्या बेटांवरच्या पोरांनी केलंय. २०१९ मध्ये वानुआतूत लॉ शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की क्लायमेटचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. झाडं लावली नाहीत, कचरा उचलला नाही, सरळ नियमाला हात घातला. आधी वानुआतूच्या सरकारला पटवलं, मग एकेक करून बाकीचे देश, मार्च २०२३ मध्ये युनोच्या आमसभेत ठराव एकमताने झाला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने मत दिलं की हवामान सांभाळणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. ते मत बंधनकारक नाही हे खरं, पण आता जगातल्या कुठल्याही कोर्टात वकील ते पुढे ठेवू शकतो. समुद्र चढला तर ज्यांची गावंच बुडणार त्या मुलांनी हे केलंय गं, हे वाचताना मला खरंच भरून येतं.

तर रविवार बंद करू नका. फक्त पोती भरल्यावर अर्धा तास बसून आतलं प्लास्टिक वेगळं करा, पिशव्या किती, गुटख्याची पाकिटं किती, कोणत्या ब्रँडची, कोणत्या नाल्याच्या तोंडाशी मिळाली, ते दर वेळी लिहून ठेवा. आपल्याकडे प्लास्टिक पॅकिंग बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवरच त्या कचऱ्याची जबाबदारी टाकणारे नियम आहेत, राज्यात पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, पण तुमच्या खाडीत नेमकं काय येतंय हे कोणी मांडून दाखवलं नाही तर ते नियम चालवायचे कोणी? चार-पाच महिन्यांची वही घेऊन वॉर्ड ऑफिसला जा. आणि कोळीवाड्यातल्या लोकांना आधी विचारा, कुठल्या भरतीला काय वाहून येतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

प्रश्न: मॅडम, मी ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आता म्हणते डिग्री सोडून सिस्टीम चेंजची फेलोशिप करणार. काय करावं?

उत्तर: डिग्री सोडायची गरज मला तरी दिसत नाही. सिस्टीम्सचा हा विषय उभा करणारे, अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअरच होते, आणि त्यातल्या फीडबॅक (परिणाम फिरून कारणावरच येणं) आणि डिले (परिणाम उशिरा दिसणं) या दोन गोष्टी ती आत्ता शिकतेच आहे. पण तिची ओढ खोटी समजू नका, तिच्यावर चिडूही नका. सोसायटीचं पाणी हीही एक सिस्टीमच आहे, तिथूनच सुरुवात करू दे; टँकरची बिलं तिच्या हातात द्या, कुठल्या महिन्यात किती टँकर, बोअरला पाणी कधी संपतं, पावसाचं पाणी जिरवायची सोय चालू आहे की नुसती कागदावर, आजूबाजूच्या सोसायट्या त्याच जमिनीतून किती उपसतात. कमिटीतले काही जण आकडे द्यायला टाळाटाळ करतील, तेव्हा मीटिंगला तिच्यासोबत तुम्ही जा.